गुडघा नेमका कोणाचा?

रिपोर्ट तयार होता, फक्त माझी सही व्हायची होती. अमरावतीहून निखिल आला होता. त्याच्या टीमने ॲप बनवलं होतं, आणि सोमवारपासून ते आमच्या हॉस्पिटलच्या सगळ्या पेशंटना द्यायचं ठरलं होतं. मी पेन उघडलं, एकदा शेवटचं म्हणून स्क्रीन पाहिली आणि पेन बंद केलं. समोर बसलेल्या दोघांची, निखिलची आणि आमच्या सर्जन सरांची, तोंडं उतरली.

मी अकोल्यात फिजिओथेरपिस्ट आहे. सत्तावीस वर्षं लोकांचे गुडघे वाकवते आहे आणि तेवढ्याच शिव्या खाते आहे. गुडघा बदलला की खरं काम नंतर सुरू होतं. रोज व्यायाम करून तो थोडा थोडा जास्त वाकवावा लागतो. पहिले दीड-दोन महिने तसेच गेले की आतलं मांस आवळतं, गुडघा जखडतो, आणि मग पुन्हा भूल देऊन वाकवायची वेळ येते. किती वाकला ते मी गोनिओमीटरने मोजते. म्हणजे प्लॅस्टिकच्या दोन पट्ट्या, मध्ये खिळा आणि त्यावर अंश. शाळेतल्या कंपासपेटीतल्या कोनमापकाचा मोठा भाऊ म्हणा.

ॲप हेच काम कॅमेऱ्याने करतं. फोन बाजूला उभा करायचा आणि व्यायाम करायचा. ॲप चित्रातल्या माणसाच्या कमरेवर, गुडघ्यावर, घोट्यावर ठिपके ठेवतं, ते जोडून काडीचा माणूस करतं आणि कोन मोजतं. ठिपका बरोबर पडल्याची त्याला किती खात्री आहे, तेही सांगतं. त्याला निखिलची मंडळी कॉन्फिडन्स म्हणतात.

त्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे तपासायचं काम सरांनी माझ्यावर टाकलं होतं. मी दोन महिने ॲपचा पिच्छा पुरवला. एकच गुडघा तीनदा मी मोजायचा, तीनदा फोनने. सकाळच्या उजेडात, ट्यूबलाइटखाली, स्वस्त फोनवर, महाग फोनवर. पायजम्यात ॲप छान चालायचं. चार-पाच अंश इकडे तिकडे, तेवढी तर मीही चुकते. लुगड्यात मात्र त्याची दाणादाण उडायची, कारण गुडघ्याचा ठिपका निरीवर जाऊन बसायचा. म्हणून मी सूचनांच्या कागदावर लिहायला लावलं, की तंग कपडे घालावेत. आणि बायका लाजतात म्हणून दुसरी अटही मीच घातली. व्हिडिओ आमच्याकडे येणार नाही, पेशंटच्या फोनमध्येच पुसला जाईल. आम्हाला फक्त काडीचा माणूस दिसेल. या अटीचा मला फार अभिमान होता.

मी थांबले ती सुभद्राबाईंच्या काडीपाशी. बार्शीटाकळीजवळच्या, फुलशेती करणाऱ्या घरातल्या. वय पासष्टच्या पुढे. ऑपरेशननंतर तिसऱ्या आठवड्यात चाचणीसाठी ॲप दिलं आणि पहिल्याच दिवशी गुडघा एकशे चोवीस. शंभरच्या वर गेल्यामुळे घरी जाऊन व्यायाम घेणाऱ्या आमच्या ज्युनिअरची व्हिजिट बंद झाली होती. आता पाचवा आठवडा संपत आला होता, आणि आकडा तोच.

"कॉन्फिडन्स बघा ना मॅडम," निखिल म्हणाला. "सगळ्या पेशंटमध्ये हाच बेस्ट डेटा आहे."

"म्हणूनच," मी म्हटलं. नवा गुडघा आज वाकतो, उद्या सुजतो. त्याची रेष चढते-उतरते. ही सपाट होती. आणि ती काडी पाठ ताठ ठेवून, श्वासही न अडखळता पाय मागे घेत होती. पासष्टीची बाई अशी हलत नाही. हे मी डोळे मिटून सांगितलं असतं.

सर वैतागले. "एका पेशंटसाठी रिपोर्ट अडवणार काय तुम्ही?"

"त्या बाईचा गुडघा जखडला तर तुम्हीच वाकवाल ना, सर?"

मी दुपारची ओपीडी ज्युनिअरवर टाकली आणि स्कूटरने बार्शीटाकळी गाठली.

ओसरीत शेवंतीच्या फुलांचे ढीग होते. सुभद्राबाई दिवाणावर पाय लांब करून हार ओवत होत्या. त्यांची सून वंदना आतून धावत आली. आपल्या व्यायामाची परीक्षा आहे म्हटल्यावर तिचा चेहरा फुलला. रोज करता तसंच करा, मी काही बोलणार नाही, असं मी सांगितलं.

वंदना आत गेली आणि काळं लेगिंग घालून आली. फुलांच्या क्रेटवर फोन टेकवला. सासू दिवाणावर, लुगड्यात. आणि ही त्यांच्या पुढ्यात, दिवाणाच्या कडेला पाय लांब करून बसली. "चला आई, असं घ्या," म्हणत तिने आपला पाय सरसर मागे ओढला. मागे सुभद्राबाई कण्हत कण्हत टाच सरकवत होत्या. फोन गोड आवाजात म्हणाला, शाब्बास. एकशे चोवीस.

मी कपाळाला हात लावला. चित्रात दोन माणसं असली, की ॲप ज्याच्या ठिपक्यांची खात्री जास्त त्याला धरत होतं. इतके दिवस आम्ही वंदनाचा गुडघा मोजत होतो. तो अगदी उत्तम होता.

लेगिंग काहून, असं विचारलं तर वंदनाने आमचा कागदच पुढे केला. "तुमीच लिवलं ना मॅडम, तंग कपडे घाला. आई तर जन्मात घालनार नाईत. मंग घरातल्या कोनीतरी घालाले पायजे का नाई?"

"येकटीले लाज वाटते मले त्या फोनसमोर," सुभद्राबाई म्हणाल्या. "हे संगं बसली का जरा धीर येते."

दार लोटून मी गोनिओमीटर लावला. बहात्तर. खुर्चीत नीट बसायलाही नव्वद लागतात. त्यांना मी आकडा सांगितला. खोटं सांगून काय मिळणार होतं? त्या म्हणाल्या, "मले काई फुलं तोडाची नाई आता. बांधावर खुर्ची टाकून नुस्तं पाहात बसाचं हाये. तेवढं होईन ना?"

होईल, मी म्हटलं, आणि मनात दिवस मोजले. हातात फार तर दोन-तीन आठवडे होते.

दुसऱ्या दिवसापासून मी स्वतः गेले, रोज. निखिलने वंदनाला फ्रेमच्या बाहेर ठेवायला सांगितलं. तिला बाहेर ठेवलं तर म्हातारी व्यायामच करणार नाही, हे त्या पोराला कोण समजावणार? आम्ही तिला फोनच्या मागे, सासूच्या समोर बसवलं. सुभद्राबाईंनी मुलाचा पायजमा घालायला तीन दिवस घेतले, आणि घातल्यावर दिवसभर काढला नाही. ॲपमध्ये निखिलने बदल केला. चित्रात दुसरं माणूस आलं की मोजणं थांबतं.

रिपोर्टवर मी महिनाभर उशिरा सही केली. त्यात एक परिच्छेद वाढवला. कोन किती अंशांनी चुकतो ते आम्ही बारकाईने तपासलं, पण तो कोणाचा आहे हे विचारायचं राहिलं, आणि ही चूक ॲपची नसून माझी आहे.

सातव्या आठवड्याच्या शेवटी सुभद्राबाईंचा गुडघा शहाण्णव वाकला. माझ्या पट्टीवर शहाण्णव, फोनवर चौऱ्याण्णव. तेव्हा कुठे त्यांनी मनातलं विचारलं.

"म्हंजे आंधी तो फोन शाब्बास म्हने, ते हिलेच म्हने काय?"

"हो, वंदनालाच."

त्यांनी सुनेकडे पाहिलं. "बरं झालं. बारा वर्सं झाले हिले या घरात, म्या तं कदी म्हटलं नाई."

वंदना चहाचे कप उचलून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. हे रिपोर्टात कुठे बसत नव्हतं, म्हणून इथे लिहिलं.