वेंडेल न्हाव्याचं तोंड

वेंडेल स्ट्रूपच्या खुर्चीत दाढीला बसलं की कान किटायचे. मक्याचं पीक, नवा पाद्री, कुणाच्या गायीला जुळं झालं... वस्तरा एक वेळ थांबंल, तोंड थांबायचं नाही. पण स्टोनरन गावच्या जुन्या माणसांना ठाऊक होतं, हा गडी आयुष्यात एकदा गप्प बसला होता.

सत्तावन्न सालचा ऑगस्ट. तेव्हा गावची पगारी बेसबॉल टीम होती. डेल ह्रुस्का चेंडू फेकायचा आणि वेंडेल समोर उकिडवा बसून झेलायचा. डेल खाणीतल्या मजुराचा पोर, उजवा हात देवानं सवडीनं घडवलेला. त्या दुपारी वरच्या लीगचा माणूस खास त्याला बघायला आलेला. आपली धाव एक, समोरच्यांची शून्य. नऊपैकी सहा डाव झाले तरी त्यांच्यातल्या एकालाही धड फटका मारता आला नव्हता.

असं चाललं असलं की फेकणाऱ्याशी बोलायचं नाही, त्याच्या शेजारी बसायचं नाही. बोललं की दृष्ट लागली. हे कुठं लिहिलेलं नाही, पण मोडणाऱ्याला टीम जित्ता सोडत नाही.

सातव्या डावात वेंडेलच्या तळव्याला कळलं. आधी चेंडू हातमोज्यात बंदुकीसारखा वाजत होता. आता धप्प, कणकेच्या गोळ्यासारखा. डाव संपल्यावर डेल आला आणि बाकाच्या टोकाला एकटा बसायचं सोडून वेंडेलला खेटून बसला. कोपर डाव्या हातानं धरलेलं, ओठ पांढरे.

"वेंडेल..." तो म्हणाला.

"ए मुडद्या, हल तिथनं!" मागनं कुणीतरी वेंडेलवरच फिसकारलं.

वेंडेल उठला. पाण्याच्या बादलीपाशी जाऊन पाठ करून उभा राहिला. मॅनेजर चार पावलांवर होता. 'याचा हात गेलाय, काढा त्याला,' एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. तो पाणी प्याला. तहान नव्हती.

डेलनं उरलेले दोन डाव तसेच फेकले. एक-शून्यनं जिंकले. पोरांनी डेलला खांद्यावर घेतला, उजवा हात धरून वर ओढला. डेल गुरासारखा ओरडला. लोकांना वाटलं, आनंदानं.

पुढं त्याला कावळ्याला खडा मारता येईना. वरच्या लीगचं नाव निघालं नाही. गिरणीच्या फाटकावर राखणीला बसला. हात हनुवटीपर्यंत जाईना, मग दाढी कशी करणार? तोवर वेंडेलनं खेळ सोडून वस्तरा धरला होता. एकतीस वर्षं दर शनिवारी डेल त्याच्या खुर्चीत बसला आणि वेंडेल जगातलं सगळं बोलला, ती दुपार सोडून.

"हात गेलाच हाय," डेल एकदा फेसातनं म्हणाला, "आता कानबी न्यायचा इचार हाय का रं तुजा?"

दुकान हसलं. वेंडेल ब्रश धुवायला मागं गेला, तो बराच वेळ आला नाही.

डेल फेब्रुवारीत गेला. शेवटची दाढी करायला मयताची तयारी करणाऱ्यानं वेंडेललाच बोलावलं.

"आज गिऱ्हाईक कुरकुरणार नाही. बोल म्हातारबा, पोटभर बोल," तो म्हणाला, आणि फुलं बघायला बाहेर गेला.

वेंडेलनं एक शब्द न काढता दाढी केली. गाल पुसले, कॉलर सारखी केली. मग स्टूल ओढून अगदी खेटून बसला आणि ते कोपर हातात धरलं.

"डेल," तो म्हणाला, "हात दुकतोय का रं?"

आणि उत्तराची वाट बघत असल्यासारखा तिथंच बसून राहिला.