पुढे पंधरा, मागे अडतीस आणि सिरोंच्याचे चढ

आमच्या मोटरसायकलला गिऱ्हाईक ठरलं होतं. शेजारच्या क्वार्टरमधले भाऊ घ्यायला तयारच होते. बायकोचा, म्हणजे सुनंदाचा, मुद्दा सरळ होता, "तुमी एकलेच फिरता. मले त्या गाडीचा काय फायदा?" बारा वर्षांची गाडी, माझा जीव अडकलाय तिच्यात. मी म्हटलं, तुझ्या मावशीकडे सिरोंच्याला हिच्यावरच जाऊ. परत आल्यावर तू म्हणशील तसं.

चेनसेट झिजला होताच. मी वीज केंद्रात कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यांवर काम करतो. दिवसभर हातात चेन आणि दातेरी चाकं. मेकॅनिकला विचारणं कमीपणाचं वाटलं. पुढे चौदा दातांचं चाक होतं, तिथे पंधराचं बसवलं. मागचं बेचाळीसचं काढून अडतीसचं. इंजिन कमी फिरणार, गाडी जास्त पळणार, पेट्रोल वाचणार. आमच्या ऊर्जानगर वसाहतीच्या सपाट रस्त्यावर एकट्याने फेरी मारली, गाडी मस्त पळाली. मागे बसणाऱ्याचं वजनही गणितात घ्यावं लागतं, नाहीतर चढाला ओढ कमी पडते, हे मला ठाऊक होतं. पण एकोणीस वर्षांच्या संसारात बायकोला वजन विचारायची हिंमत झालेली नाही. ती जागा मी कोरी सोडली.

मे महिना, म्हणून पहाटे पाचला निघालो. बल्लारपूर, गोंडपिपरी, मग आष्टीजवळ वैनगंगेचा पूल. आष्टीला तर्री पोहे खाल्ले. सुनंदा खुशीत होती, मी तर हवेतच. जाणाऱ्यांनी आलापल्लीत टाकी भरून घ्यावी आणि पाणी दुप्पट न्यावं. पुढच्या शंभर किलोमीटरात पंपाचा भरवसा नाही आणि फोनला रेंजही नाही.

आलापल्लीच्या पुढे रस्त्याचं काम चालू होतं. गिट्टी पसरलेली, त्यात चढ. पहिल्याच चढाला गाडी रडायला लागली आणि क्लच जळल्याचा वास आला.

"जरा उतरतेस का?" मी म्हटलं.

तिसऱ्या चढावर एक म्हातारबाबा सावलीत तेंदूपत्त्याचे पुडे बांधत होते. मी गाडीवर, मागून घामाघूम सुनंदा पायी. त्यांनी हात थांबवून विचारलं, "काऊन भाऊ, बाईले पायी चालवून राह्यले? नवस हाय का?"

तेवढ्यात एक जुनाट गाडी आम्हाला मागे टाकून वर चढली. तिच्यावर नवरा, बायको, दोन पोरं आणि एक बकरी. सुनंदा बराच वेळ त्या बकरीकडे पाहत राहिली.

"खरं सांगा," ती म्हणाली, "ते चाकं बदलवले, तवा माह्यं वजन धरलं होतं का?"

"नाही."

"काऊन?"

"विचारायची भीती वाटली."

 पुढच्या प्रत्येक चढाला ती मी सांगायच्या आधीच उतरली. आता गाडी हातची गेली, असं मी मनाशी धरून चाललो. वाटेत साग उंच वाढलेला होता, पण तो पाहायचं भान कुणाला होतं!

सिरोंच्यात मावशीनं गोदावरीचे मासे आणि भात वाढला. घरात अर्धं बोलणं तेलुगूत चालतं; हसणं मात्र माझ्यावरच चाललं होतं, ते भाषेवाचून कळलं. सकाळी मी मेकॅनिककडे निघालो, तर सुनंदा चपला घालून तयार. मेकॅनिकनं गाडी पाहिली आणि कपाळाला हात लावला. "अन्ना, हे एकट्या माणसाचं सेटिंग आहे. दोघांचं वजन किती?"

मी खाली चेनकडे बघत राहिलो.

"माह्यं एकाहत्तर," सुनंदा सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशी म्हणाली. "ह्यायचं ह्यायले इचारा. आन मावशी कलेक्टर आंबे देईन, त्याचे दहा किलो वेगळे पकडा."

मला इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती, आणि इतकं प्रेमही. मेकॅनिकनं पुढे तेरा दातांचं चाक बसवलं. ओढ जवळपास पहिल्यासारखीच झाली, म्हणजे माझा सगळा खटाटोप फुकट. कलेक्टर ही तिकडची आंब्याची जात, एकेक आंबा नारळाएवढा. ती पिशवी मांडीवर घेऊन सुनंदा परतीच्या एकाही चढाला उतरली नाही.

घरी पोचलो तर शेजारचे भाऊ फाटकातच उभे. मी गाडीची किल्ली खिशात टाकली.

"गाडी विकाची नाई," सुनंदा आंब्यांची पिशवी खाली ठेवत म्हणाली. मग माझ्याकडे वळली, "पन यापुढं मले इचारल्याबिगर पाना हाती घ्याचा नाई."