सुदामभाऊंची पहार

सुदामभाऊ गेले हे कळवायला चौकीदाराचा फोन आला. "सर, भाऊ बसलेलेच आहेत. कान अजून पहारीलेच लावून आहे..." गणपतीतल्या नाटकांत मी स्वतः सतरा वेळा मेलो आहे, पण इतकी बेमालूम एक्झिट मला कधी जमली नाही.

भाऊ निवृत्त मोजणीदार. कापसानं लोक थकले होते त्या वर्षांत कळंबच्या पुढचं एक मोठं शेत विकलं गेलं आणि तिथं, हसू नका, गोल्फचं मैदान होऊ घातलं. आखणी भाऊंकडे, आणि नकाशावरचं इंग्रजी वाचून दाखवायला मी, शाळामास्तर. काय थाट होता! कापसाच्या पऱ्हाटीच्या धसकटांत वाळूचे खड्डे, मुद्दाम घडवलेले चढउतार, अठरा झेंडे. नवव्या झेंड्याभोवतीची हिरवळ कुठं घ्यायची ते भाऊंनी ठरवायचं होतं. एप्रिलात रान करपलेलं, पण एकाच जागी गवत गोल, हिरवंगार. भाऊंनी टाळी वाजवली. "मास्तर, जमिनीनंच जागा दाखोली!" खुंट्या ठोकल्या, कागदावर सही केली.

झरीकडच्या मजूर बाया मात्र डोक्यावर टोपली घेऊन त्या गोलाला वळसा घालून जायच्या. त्यांच्या पायांनी तिथं वाट पडली, कंपासनं काढावी तशी.

"काहून फिरता वं बाया?" भाऊंनी विचारलं.

"खालून कोणी पाणी शेंदते," एक म्हणाली.

मी मोठ्यानं हसलो. भाऊ हसले नाहीत. भर दुपार, वारा ठप्प, आणि नववा झेंडा तेवढा हलत होता. त्यांनी पहार रोवली, वरच्या टोकाला कान लावला. मोजणीआधी जमीन ऐकायची ही त्यांची जुनी रीत. या वेळी तेवढी राहून गेली होती. चेहरा उतरला. "बुजवलेली विहीर आहे, मास्तर. अन् उद्घाटनाचा मांडव इथंच घालणार आहेत. माणसं जातीन आत."

मी कान लावला. खाली रहाट करकरत होता... अगदी सावकाश.

भाऊंनी सांगून पाहिलं, पण मैदानाच्या मालकांनी ऐकलं नाही. "सही करताना कान कुठं होते तुमचे?"

पंधरा दिवसांनी तो फोन आला. मजूर जेवायला बसले असताना भाऊंनी एकट्यानं नवव्या हिरवळीच्या सगळ्या खुंट्या, झेंड्यासकट, साठ पावलं पूर्वेला नेल्या होत्या. शेवटची ठोकली, खालची जमीन ऐकायला बसले, ते बसलेच. खुंट्या हलल्यात हे फक्त मी ओळखलं, आणि आयुष्यातली सर्वोत्तम भूमिका केली: गप्प राहिलो.

भाऊंच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, विहारातली वंदना झाल्यावर, वहिनींनी पहार माझ्या हाती दिली. "भाऊजी, हे घेऊन जा. भिंतीले टेकवली का पाणी शेंदल्यावानी ऐकू येते मले."

उद्घाटनाचा मांडव नव्या खुंट्यांच्या जागी उभा राहिला. भाषण रंगात आलं असताना मागं, साठ पावलांवर, जमीन आवाज न करता खाली बसली. गोल. इकडे टाळ्या चालूच होत्या.

पहार आता माझ्या ओसरीच्या कोपऱ्यात उभी आहे. परवा धीर करून कान लावला. रहाट थांबलाय. ऐकू येते ती खुंटी ठोकल्याची टकटक... "भाऊ, आता कायले?" मी विचारलं. पुन्हा टकटक. ते कुठं ठोकताहेत कोण जाणे. पण त्या कोपऱ्याला मी हल्ली वळसा घालून जातो.