सुतकी अण्णा

कुणी गेल्याची बातमी आली की आमच्या मामंजींचा चेहरा उजळायचा. मी हे सांगते तेव्हा लोकांना वाटतं, सून आहे, सासऱ्याबद्दल वाकडंच बोलणार. पण बसवनगुडीतल्या आमच्या घरी ज्यांचं येणं-जाणं होतं, त्या सगळ्यांनी हे डोळ्यांनी पाहिलंय. होसकोट्याहून तार येवो की कोलारहून निरोप्या, मामंजी आधी विचारायचे, "आपल्या भाऊबंदांतला ना?" हो म्हटलं की पेपरची घडी घालायचे, तोंडानं "अरेरे, चांगला माणूस होता," म्हणायचे आणि डोळ्यांत मात्र दिवाळी. गल्लीत त्यांना सगळे अण्णा म्हणत. पाठीमागे सुतकी अण्णा.

मी बेळगावची. संशय हे माझं माहेरचं देणं. दुधात बोट बुडवून बघितल्याशिवाय आमच्या घरात कुणी चहा ठेवत नसे. लग्न होऊन बंगळूरला आले तेव्हा पंचावन्न-छप्पन साल असेल. मामंजी कचेरीतून निवृत्त झाले होते, आणि दर रविवारी सकाळी कलासीपाळ्याला जाऊन कुठलीशी बस धरायचे. कुठे जाता म्हणून विचारलं तर, "स्वल्प काम आहे." संध्याकाळी परत यायचे ते धोतरभर कुसळं घेऊन. निवृत्त माणसाला दर रविवारी कसलं काम असतं? माझ्या मनात आलं ते मी नवऱ्याला बोलूनही दाखवलं. तो म्हणाला, तसलं काही असतं तर धोतर स्वच्छ राहिलं असतं.

एका रविवारी त्यांनी पळसाच्या पानांत बांधलेला पुडा आणला. सासूबाईंनी वास घेतला आणि म्हणाल्या, "हे बोकडाचं नव्हे." आम्ही मराठे, घरात मटण नवं नव्हतं, पण हे सशाचंही नव्हतं. "शिजव. एकदाच," मामंजी म्हणाले. मान खाली घालून जेवले, चवीबद्दल एक शब्द नाही. हात धुताना मला म्हणाले, "आता मी त्यांच्यातला झालो." त्या रात्री माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. सासरा दरोडेखोरांना जाऊन मिळाला, याबद्दल माझी पक्की खात्री झाली होती.

खरं काय ते सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी तांदूळ निवडताना सांगितलं. बन्नेरघट्ट्याच्या पलीकडे राखीव रानाच्या कडेला एक खेडं होतं. तिथली एक टोळी चोरून शिकार करायची. चितळ, डुक्कर, मिळेल ते. टोळीचा नायक केंपय्या. मामंजींनी तरुणपणी त्याच रानात परवाना काढून शिकार केलेली. "तेव्हा तळ्यावर जनावरं दिसायची, आता आम्हीच एकमेकांना दिसतो," असं म्हणून त्यांनी एक दिवस बंदूक विकून टाकली आणि केंपय्याला समजवायला जाऊ लागले. कायदा सांगून झाला, पापपुण्य सांगून झालं, पोराबाळांसाठी काही ठेवा म्हणून झालं. टोळीनं त्यांना दर रविवारी ताक पाजलं, "सरी अण्णा, सरी," म्हणजे बरं बरं, म्हटलं आणि सोमवारी रानात गेली.

त्यातून केंपय्याला संशय, हा म्हातारा रानरक्षकांचा खबऱ्या असणार. आता खबऱ्याला गप्प करायची त्यांची एक रीत होती. त्याच्या हातात शिकारीतला वाटा ठेवायचा. ते त्याला पालु म्हणत. ज्यानं पालु घेतला तो टोळीतला झाला. तो चुगली करत नाही, केली तर आधी तोच अडकतो. पळसाच्या पानातला पुडा म्हणजे तो पालु. मामंजींनी तो मुकाट्यानं घेतला, कारण त्यांना त्या रीतीचा पुढचा भागही ठाऊक होता. शिकारीला जाण्याआधी बंदुका मुनेश्वराच्या दगडापुढे ठेवून दिवा लावत. टोळीतल्या कुणाच्याही घरी सुतक असलं तर दिवा लागत नसे, आणि दिवा नाही तर कुणीच जायचं नाही. केंपय्याचा मामा एकदा सुतकात गेला होता. बंदुकीची नळी फुटली आणि डोळा गेला, असं ते सांगत.

आणि आमचे भाऊबंद केवढे! तीनशे वर्षं या मुलखात राहिलेलं घराणं. आनेकलपासून तंजावरपर्यंत कुणी ना कुणी जात तरी होतं, जन्मत तरी होतं. सोयरही त्यांना सुतकाइतकंच चालायचं. माझी दुसरी मुलगी झाली तेव्हा घरात सगळ्यांची तोंडं उतरली होती. एकटे मामंजी पेढे घेऊन गल्लीभर हिंडले. मी आपली भारावून गेले होते. नंतर कळलं, ते दिवस हरिणींच्या विणीचे होते. पुढे तिला ते लाडानं "माझं हरीण" म्हणायचे, तेव्हा फक्त मलाच त्याचा अर्थ कळायचा.

पण खोटं सुतक त्यांनी एकदाही सांगितलं नाही. "एक खोटं सापडलं की माझी खरी मेलेली सगळी माणसं वाया जातील," असं ते म्हणत. म्हणून मग खऱ्याच्या शोधात राहायचं. कोण अंथरुणाला खिळलंय, कुणाचा दमा वाढलाय, कुणाच्या सुनेला कितवा महिना, सगळं त्यांना पाठ. आजाऱ्याला बघायला मोसंबी घेऊन सगळ्यांत आधी तेच पोचत. भाऊबंदांना वाटायचं, म्हाताऱ्याचा आंब्याच्या बागेवर डोळा आहे. होसकोट्याच्या एका चुलतभावानं तर त्यांना दारातच अडवलं. "वडील अजून आहेत अण्णा. पुढच्या महिन्यात या." मामंजी मोसंबी देऊन परत आले आणि आम्हाला सांगताना हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

केंपय्यालाही संशय येणं साहजिक होतं. एका माणसाची एवढी माणसं मरतात कशी? कार्तिकात बसवण्णाच्या देवळापुढे शेंगांची जत्रा भरते, तिथे तो शेंगा विकायला यायचा. एक वर्षी विचारत विचारत तो आमच्या दारात येऊन उभा राहिला. उंच, काळा, डोक्याला मळका रुमाल, अंगाला ओल्या मातीचा वास. तो कन्नडातच बोलायचा; मला बेळगावमुळे ते कळायचं. "अक्का, कोलारला तुमचं कोण वारलं?" त्यानं विचारलं.

कोलारचा तो माणूस खरंच वारला होता, पण नातं इतकं लांबचं की त्याचं सुतक आमच्या घरात कुणी धरलं नव्हतं. नवरा दाढी करून कचेरीत गेला होता, रेडिओ लागला होता, चुलीवर पुऱ्या तळणं चाललं होतं. केंपय्यानं त्या वासाकडे नाक केलं, मग माझ्याकडे बघितलं. मी बाजूला झाले. मागच्या पडवीत मामंजी घोंगडीवर बसले होते. दाढी वाढलेली, ताट-तांब्या वेगळा, आसपास कुणी फिरकत नाही. दर सुतकाला ते असेच दहा दिवस एकटे बसायचे. आम्ही त्यांची थट्टा करत होतो इतके दिवस.

"बाकीच्यांना सुतक नाही?" केंपय्यानं विचारलं.

"त्यांना फक्त जवळचीच माणसं आपली वाटतात," मामंजी म्हणाले.

केंपय्यानं खांद्यावरच्या पिशवीतल्या शेंगा घोंगडीपासून हातभर दूर ओतल्या आणि "सरी अण्णा" म्हणून निघून गेला. हे 'सरी' सासूबाईंनी सांगितलेल्या रविवारच्या 'सरी'सारखं वाटलं नाही. तरी मी शेंगा फोडून बघूनच मुलींना दिल्या.

त्यानंतर दोनेक वर्षांनी उन्हाळा भयंकर झाला. रानातली सगळी तळी आटली, एकाच तळ्यात पाणी उरलं. उरलीसुरली सगळी चितळं तिथेच येणार. बंदुका घेऊन दोन दिवस बसलं की रान साफ झालं असतं. केंपय्याचा निरोप आला, येत्या सोमवारी दिवा लावतोय. आणि नेमकं त्याच वेळी आमच्या भाऊबंदांत कुणी मरेना.

एक थोरल्या काकी होत्या, चामराजपेटेत, ऐंशी ओलांडलेल्या, अंथरुणावर. मामंजी रोज त्यांच्याकडे गंजी, म्हणजे पातळ पेज, घेऊन जायचे. एक दिवस काकींनी विचारलं, "माझी वाट बघतोयस होय रे?" मामंजी म्हणाले, "होय काकी," आणि सगळं सांगून टाकलं. काकी पोट धरून हसल्या. रोज कुणी तरी गंजी भरवतंय, गप्पा मारतंय, यानं त्या आठवड्यात उठून बसल्या आणि पुढे कितीतरी वर्षं जगल्या. मामंजींना आनंद झाला आणि पंचाईतही.

शनिवारी रात्री मीच त्यांना म्हटलं, "सांगा की तंजावरचं कुणीतरी. तिथे कोण बघायला जातंय?" डॉक्टरांनी त्यांना उन्हात चालायला मनाई केली होती. छातीत दुखायचं. रविवारी सकाळी टोपी घालून निघाले. बस जिथे सोडायची तिथून खेडं बरंच आत होतं. मुनेश्वराच्या झाडाखाली जाऊन त्यांनी टोळीला सांगितलं, "घरी सगळे बरे आहेत. सुतक नाही. तरी जाऊ नका." एवढंच. संध्याकाळी परत आले, तांब्याभर पाणी प्यायले आणि पडवीत आडवे झाले. सकाळी उठलेच नाहीत.

डॉक्टर म्हणाले, हृदय. मला डॉक्टरांचा संशय येतो, मामंजींचा तर अजूनच येतो. ज्या माणसाला सगळ्या भाऊबंदांच्या छातीतलं दुखणं पाठ होतं, त्याला स्वतःचं ठाऊक नसेल? पण विचारणार कुणाला. सोमवारी केंपय्याकडे निरोप गेला आणि दिवा लागला नाही, हे मात्र खरं.

दहाव्या दिवशी केंपय्या चार माणसं घेऊन आला. पाऊस अजून नव्हता, तळं तसंच होतं. अंगणाबाहेर उभं राहून त्यानं माझ्या नवऱ्याला विचारलं, "सुतक कधी फिटतं?" नवरा बापासारखाच सरळ. आज, म्हणून सांगायला त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात मी डोक्यावरचा पदर सावरत पुढे झाले.

"वर्षाचं आहे," मी म्हटलं.

नवरा माझ्याकडे बघतच राहिला. केंपय्याही बघत राहिला, दुधात बोट घालून बघावं तसा. "कोलारच्या माणसाचं दहा दिवस होतं," तो म्हणाला.

"तो आमच्या घरातला कर्ता नव्हता."

केंपय्यानं रुमाल सोडला, झटकला, पुन्हा बांधला. त्याला सगळं कळलं होतं, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती. "सरी, अक्का," तो म्हणाला आणि माणसांना घेऊन गेला.

माझा स्वभाव असा की मी नवऱ्याला पुढचे कितीतरी रविवार कलासीपाळ्याची बस धरायला लावली. कुसळं घेऊन यायचा बिचारा. पाऊस झाल्यावर एकदा येऊन म्हणाला, तळ्यावर जनावरं दिसली, माणूस दिसला नाही.

पुढच्या कार्तिकात केंपय्या शेंगा घेऊन आला. वर्ष भरल्यानंतरच्या कार्तिकातही आला, त्याच्या पुढच्याही. पालु आता तुमच्या घराकडे आला, अण्णांच्या जागी तुम्ही टोळीतल्या, असं त्यानं एकदा सांगितलं आणि मग दर वर्षी, शेंगा पडवीत ओतून झाल्यावर, तो जाता जाता विचारायचा, "अक्का, सुतक फिटलं का?"

मी पडवीतल्या रिकाम्या जागेकडे बघायची आणि म्हणायची, "नाही."

पहिल्यांदा मी खोटं बोलले होते. त्यानंतर एकदाही नाही.