डॉक्टरीणबाईंनी हात आवरला

कुरिअर कंपनीची सगळी पोरं संध्याकाळी एकाच वेळी ॲपवर ‘वाटप पूर्ण’ अशी नोंद करत, आणि नेमकी तेव्हाच यंत्रणा मान टाकी. ती पुरती आडवी होण्याआधी बंद करून पुन्हा चालू करायची, हे ऑपरेशन्समधल्या बाईंचं काम. ऑफिसने त्यांचं नावच ठेवलं होतं डॉक्टरीणबाई. हात असा हलका, की बाहेर कुणाला ठेच लागल्याचं कळूही नये.

घरी त्यांचे वडील, अप्पा. खुब्याचं ऑपरेशन झालेलं. रोज संध्याकाळी कुणाच्या तरी सोबतीनं चालायचं, नाहीतर पाय आखडेल, अशी ताकीद होती. सोबतीला कोण? लेक. आणि लेक संध्याकाळी कुठे? यंत्रणेच्या उशाशी!

“अप्पा, आज थोडा उशीर होईल.”

“‘थोडा’ हा शब्द पार झिजवलास गं तू. ठेव फोन. मी वॉकरशी गप्पा मारतो.”

मूळ दोष प्रोग्राममध्ये होता. तो दुरुस्त झाला की बाईंची संध्याकाळ मोकळी. त्यासाठीच तर साहेबांनी एआय एजंट आणला होता. ऑपरेशन्सचा प्रत्येक अलार्म आणि त्यावरचा शेरा वाचायचा, महत्त्वाचं निवडून प्रोग्रामरपुढे ठेवायचं, वर दुरुस्तीही सुचवायची, असा त्याचा थाट. त्याचे लाड इतके, की सगळे त्याला ‘जावईबापू’ म्हणत.

शेवटी बाई प्रोग्रामरच्या टेबलाशी जाऊन उभ्या राहिल्या. “माझं संध्याकाळचं दुखणं जावईबापूंच्या कानावर गेलंय का रे?”

“गेलंय की. हे बघा, पार तळाशी. ‘किरकोळ. आपोआप बरे होते.’”

“आपोआप? अरे, ते आपोआप म्हणजे मी!”

“पण ताई, तुम्हीच तर दरवेळी शेरा मारलाय, ‘ठीक’.”

तेही खरंच. शेरा लिहिल्याशिवाय अलार्म मिटत नसे, आणि यंत्रणा तर धापा टाकत असे. अशा घाईत ऑपरेशन्समधलं कोण निबंध लिहीत बसणार? सगळेच ‘ठीक’ लिहीत. विंगेतला प्रॉम्प्टर फार तयारीचा असला, की नट पाठांतर सोडतो आणि प्रेक्षक नटाला टाळ्या देतात. तशातली गत.

त्या दिवशी बाईंनी सविस्तर शेरा लिहिला. जावईबापूंनी तो जुन्याच नोंदीला जोडून टाकला. पुन्हा किरकोळ!

आता मात्र बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. त्या साहेबांना म्हणाल्या, “आज मी हात लावणार नाही. पार्सलं वाटून झालेली असतात, कुणाचं नुकसान नाही. पडू दे तिला.”

साहेब चाचरत “बरं, थोडा वेळ” म्हणाले. संध्याकाळी यंत्रणा धाडकन पडली. फोन खणखणू लागले.

“बाई, झोपलात की काय?” डेपोचा मुकादम ओरडला. “पोरं घरी जायची खोळंबलीत इथं!”

“मीही खोळंबलेय, दादा,” बाई म्हणाल्या आणि हात मांडीखाली दाबून बसल्या.

जावईबापू खडबडून जागे झाले. तळाची नोंद थेट वर आली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दुरुस्ती तयार! प्रोग्रामरने मोठ्यानं वाचली, “यंत्रणा मंदावताच ती आपोआप बंद करून पुन्हा चालू करावी. ऑपरेशन्स विभागाची ही पद्धत अत्यंत परिणामकारक आहे.”

“वा! तुमच्याकडूनच शिकला की!” साहेब खूश. “द्या मंजुरी, बाई. आजपासून संध्याकाळी मोकळ्या तुम्ही.”

बाईंचं बोट ‘मंजूर’च्या बटणावर गेलंही होतं. डोळ्यांपुढे अप्पा उभे. मग त्या थबकल्या.

“आणि बंद करताना पोरांच्या ज्या नोंदी अर्धवट गळतात, त्यांचं काय?”

“कुठल्या नोंदी?” प्रोग्रामरने विचारलं.

“मी नंतर डेपोला फोन करकरून हातानं भरते त्या. रोज.”

“हे तुम्ही कुठे लिहिलंय?”

कुठेच नाही. बाईंना प्रोग्रामरचा राग यावा की स्वतःचा, कळेना. त्यांनी ‘नामंजूर’ दाबलं आणि कारण लिहायला घेतलं. लिहिता लिहिता इतकं साचलेलं बाहेर आलं, की संध्याकाळच झाली आणि अलार्म केकाटला.

बाईंनी यंत्रणा बंद केली, चालू केली, आणि पर्स उचलली.

“ताई, निघालात? आणि त्या गळलेल्या नोंदी?”

“तू भर. मुकादमाचा नंबर त्या पाटीवर आहे. शिव्या देतो, पण माणूस चांगला आहे.”

“अहो, पण मी प्रोग्रामर!”

“म्हणूनच,” म्हणत बाई जिना उतरल्या.

घरी अप्पांना उठवलं. पाय आखडायला लागलाच होता. फाटकापर्यंत कसेबसे पोचले, तोच पर्समधला फोन वाजला. मग पुन्हा वाजला.

“घे की,” अप्पा म्हणाले.

“वाजू दे,” बाई म्हणाल्या. “तुम्ही टाच टेका आधी.”