एका लादीतलं आइस्क्रीम

मेव्हणीच्या लग्नात पाहुण्यांना आइस्क्रीम देऊ, असा शब्द माझ्या सासऱ्यांनी सोयरीक जमवतानाच देऊन टाकला. समोर नवरदेवाचा काका. असा खवट माणूस मी दुसरा पाहिला नाही. म्हणे, "पाहू ना, कळंबात आइस्क्रीम कसं होते ते!" तेव्हापासून सासऱ्यांची झोप उडाली. लग्न भर मे महिन्यात, आणि बर्फ यायचा यवतमाळहून, एस्टीच्या टपावर, भुशात गुंडाळून.

आचाऱ्यानं दोन लाद्या सांगितल्या. पण मी पडलो नेरच्या शाळेतला सायन्सचा मास्तर, मला गप्प बसवतं काय! म्हटलं, "मामाजी, एकच आणा. नुसत्या मिठानं बर्फ वाया जातो. मिठात सोरा आणि नवसागर मिसळला की निम्म्या बर्फात दुप्पट थंडी." कल्हईवाल्याकडून नवसागर मी स्वतः आणला. पुस्तकात हे लिहिलेलं होतं. पुढचं पानही होतं, पण ते वाचायला मला वेळ कुठे होता?

लग्नाच्या सकाळी दूध अजून चुलीवर आटत होतं, तेव्हाच मी लादी फोडून बादलीत, आइस्क्रीमच्या पॉटभोवती भरली आणि सगळं मिश्रण वर ओतलं. पॉट आधीच गार होऊन राहील, हा माझा विचार. आचारी घाबरला. "जवाईबुवा, आतापासून काहून टाकून राह्यले? दूध तं निवू द्या!"

सासरे त्याच्यावरच खेकसले, "तुले जवाईबुवाहून जास्त समजते का?"

आचारी चुलीकडे वळला. आमच्याकडे जावयाला चुकलं म्हणायची रीतच नाही. जावई विहिरीत उडी टाकायला निघाला तर लोक दोर आणून देतील, पण 'नका' म्हणणार नाहीत.

थंडी मात्र पडली हो! रिकाम्या पॉटला बोट चिकटायला लागलं. मी मांडवातल्या बायांनासुद्धा बोलावून दाखवलं. हे मिश्रण बर्फ खाऊनच गार होतं, हे दूध निवून आलं तेव्हा कळलं. तोवर बादलीत चार खडे तरंगत होते. आम्ही आळीपाळीनं दांडा फिरवला. दूध गार झालं, पण घट्ट व्हायचं नाव घेईना.

पंगत बसली. सासऱ्यांनी पहिला गिलास काकापुढे ठेवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकानं घोट घेतला.

"हे तं दूध हाये."

सासरे हात जोडून म्हणाले, "आमच्या मोठ्या जवाईबुवांनी सोता बनवलं."

काकानं माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्याच्या जावयाला नावं ठेवायची छाती त्यालाही नव्हती. त्यानं मुकाट्यानं गिलास रिकामा केला आणि म्हणाला, "आइस्क्रीम झकास झालं. आना अजून."

झालं, मी फुगलो! मुलीची पाठवणी झाल्यावर सासऱ्यांना म्हटलं, "मामाजी, आता धाकटीच्या लग्नात अर्ध्याच लादीत करून दाखवतो."

सासरे अगदी अदबीनं म्हणाले, "जवाईबुवा, धाकटीचं लग्न आपन पौषाच्या आधी, हिवाळ्यातच उरकू."