नाव काय घालायचं?

"चावी सूनबाईकडं द्या. ती बोलतच न्हाय, म्हंजे कोणी मागायला आला तरी उसनं देयाची न्हाय!"

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. मी चहाचा ट्रे घेऊन दाराच्या अलीकडे उभी होते आणि पलीकडे ओटीवर आमच्या गावच्या स्काऊट-गाइड पथकाची मदत समिती बसली होती. बोलणारे जनूकाका, मंडपवाले. हसणारे बाकी सगळे, आणि त्यात सगळ्यात मोठ्यांदा माझे सासरे, म्हणजे बाबा. ते समितीचे अध्यक्ष.

मी हसू संपेपर्यंत थांबले. हसू अर्धवट असताना बाहेर गेलं की चहा सांडतो. मग जाऊन कप ठेवले. बाबांनी अगदी गंभीर चेहऱ्याने माझ्या हातात चावी दिली.

लग्नाला चार महिने झाले होते. या घरात मला मिळालेली ही पहिली चावी. कपाटाची नाही, तिजोरीची नाही. घरामागच्या बंद पडलेल्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, गाळ्याची! पथकाला देणगीत आलेलं सामान तिथे ठेवतात.

किस्से साठतात कसे, हे मला त्या गाळ्यात कळलं. लोक सामान टेकवायला येतात. समोरचं माणूस बोलत नाही म्हटल्यावर सामानाबरोबर एखादी गोष्टही टेकवून जातात. सामान पुढे कँपला जातं, गोष्टी माझ्याकडेच राहतात. आता जागा उरली नाही, म्हणून थोड्या तुमच्याकडे ठेवते.

एक आधीच सांगायला हवं. पथकाचा कँप दरवर्षी गणेशपुरीजवळ होतो आणि दरवर्षी फक्त मुलगे जातात. यंदा पहिल्यांदा सोळा मुलीही जायच्या होत्या. ही सगळी धावपळ त्यासाठी होती. त्या सोळांची पुढारी मंजुळा, सातवीतली, पाड्यावरून चालत शाळेत येणारी. रोज शाळा सुटली की गाळ्याच्या शटरखालून डोकं घालायची. "वैनी, आमी जानार ना?"

मी मान हलवायची. तेवढ्यावर ती खूश!

*

स्काऊटांचा नियम आहे, फुकट मागायचं नाही. घरोघरी जाऊन काम करायचं आणि लोक देतील ते घ्यायचं. याला ते 'खरी कमाई' म्हणतात.

आठ मुलगे हौसाआत्याकडे गेले. हौसाआत्या म्हणजे बाबांची आत्या, वय कोणालाच माहीत नाही.

"आत्या, काय काम हाय का?"

"हाय ना. बसा."

तीन तास! आत्याने त्यांच्यासमोर सुका जवळा ओतला आणि त्यातले शिंपल्यांचे तुकडे वेचायला लावले. मग प्रत्येकाला एक ग्लास सरबत दिलं आणि पथकाला देणगी म्हणून तोच जवळा, डबाभर.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या मैदानावर झेंडावंदन. आठही जण त्याच गणवेशात. दोनच तर गणवेश, एक धुवायला टाकलेला. संचलन सुरू झालं आणि मागून पार भिवंडीतल्या निजामपुऱ्यापर्यंतची असतील नसतील तेवढी मांजरं निघाली. पायात पाय. पथकाचे सर शिट्टीवर शिट्टी. शेवटी सर ओरडले, "पथक, विश्राम!"

मांजरं बसली. मुलगे पळाले.

*

आमच्याकडे देणगीवर नाव नसेल तर ती दिली असं कोणी धरतच नाही. भांड्यावर कोरतात, कापडावर छापतात. एकाने शिट्ट्या दिल्या होत्या, त्यांच्यावरही घातलं होतं. कोणी काही देतो म्हटलं की बाबांचा पहिला प्रश्न ठरलेला. "नाव काय घालायचं?"

जनूकाकांनी खिचडीसाठी मोठा टोप दिला. वर कोरलं, वडिलांचं नाव. हे कळल्यावर त्यांच्या धाकट्या भावाने, बंडूकाकांनी, त्याच टोपाचं झाकण दिलं. वर तेच नाव, पण अक्षरं दुप्पट मोठी.

मग दोघांचं कंपाउंडच्या भिंतीवरून वाजलं. बंडूकाका आले आणि झाकण घेऊन गेले!

त्या रविवारी सरावाची खिचडी झाली. झाकण नाही म्हणून वरचा तांदूळ कच्चा, खालचा करपलेला. सरांनी काय करावं? दोन डबे भरले आणि दोन मुलांबरोबर दोन्ही घरी पाठवले. निरोप एकच. "तुमच्या वडिलांच्या नावाची खिचडी हाय. खाऊन बघा."

संध्याकाळच्या आत झाकण गाळ्यात.

बोलत मात्र दोघं अजून नाहीत. परवा एकाच वेळी आले. बंडूकाका टोपाकडे बघून म्हणाले, "सूनबाई, त्याला सांग, झाकण कल्हईवाल्याकडं नको देऊ, स्टीलचं हाय." जनूकाका झाकणाकडे बघून म्हणाले, "सूनबाई, त्याला सांग, मला डोळे हायत."

मी कोणालाच काही सांगितलं नाही. दोघांनाही ऐकू गेलं होतं.

*

स्कार्फचं कापड रफीकचाचांनी दिलं. चाचांचे निजामपुऱ्यात लूम आहेत आणि आमच्या घराशी तीन पिढ्यांची ओळख. सरांनी माप लिहून दिलं होतं. चाचांनी ते वाचलं, कागद खिशात ठेवला आणि टेलरला सांगितलं, "पूरा ताका लगा दो. कपड़ा कम पड़ा तो भिवंडी की नाक कट जाएगी!"

पाचवीतला चिन्मय पथकात सगळ्यात लहान. त्याच्या गळ्यात स्कार्फ घातला तर टोक गुडघ्याखाली. मागून बघितलं तर पडदा चाललाय असं वाटायचं. सर तक्रार करायला स्वतः निजामपुऱ्यात गेले.

"चाचा, स्कार्फ फार मोठे झाले."

"तो क्या हुआ सर? बच्चे तो बढ़ेंगे ना! कपड़ा थोड़े ही बढ़ेगा!"

वर चाचांनी विचारलं, "और लड़कियों का?"

तक्रार करायला गेलेले सर खांद्यावर दुसरा ताका घेऊन परत आले.

*

तंबू जनूकाकांचे. म्हणजे मंडपाचंच जुनं कापड, गुलाबी, खाली सोनेरी झालर. कमानीचं कापडही त्यातच आलं, त्यावर 'आपले सहर्ष स्वागत'.

"कँप आहे की लग्न?" सर म्हणाले.

"सर, कापड तेच. आतली माणसं बदलतात!"

मैदानावर सगळे तंबू उभे करून बघितले. अंधार पडायच्या सुमारास मोटरसायकलवरून एक जोडपं उतरलं. बाईंच्या केसात गजरा, साहेबांच्या हातात चकचकीत कागदात बांधलेलं खोकं. कमानीतून सरळ आत आले आणि सरांनाच विचारलं, "नवरीकडचे कुठे बसलेत?"

खरं लग्न पुढच्या गल्लीत होतं. पण सर काही सांगायच्या आत चिन्मयने त्यांना पाणी आणून दिलं, दुसऱ्याने खिचडी वाढली. स्काऊट सर्वांचा मित्र असतो ना! दोघं पोटभर जेवले. "साधंच केलंय, पण छान केलंय," असं म्हणून खोकं सरांच्या हातात देऊन निघूनही गेले.

खोक्यातून भिंतीवरचं घड्याळ निघालं. अजून गाळ्यात आहे. त्याच्यावरही नाव आहे. कोणाचं, ते आम्हाला माहीत नाही.

*

हे तंबू नंतर घड्या घालून, दोरीने बांधून गाळ्यातल्या माळ्यावर ठेवले होते. एका संध्याकाळी सरांनी ते बघितले आणि जागीच थांबले.

"रीफ नॉट! आणि टोकं सारखी! कोणी बांधले?"

मुलगे म्हणाले, आम्ही नाही. जनूकाका म्हणाले, माझी पोरं नुसती गुंडाळतात. मी झाडू मारत होते.

"मीच बांधले," बाबा म्हणाले. "आमी खाडीकाठची माणसं. होड्या बांधत मोठे झालो."

"मग दाखवा ना मुलांना!"

अध्यक्षांना माघार घेता येईना. त्यांनी दोरी घेतली, वरून नेली, खालून नेली आणि जोरात आवळली. आत डाव्या हाताचा अंगठा राहिला होता. मुलगे बघतायत, अंगठा जांभळा होतोय.

"ही गाठ," बाबा म्हणाले, "शत्रूला बांधायची असते."

मी झाडू ठेवला, एक टोक उलटं ओढलं. अंगठा सुटला. बाबा माझ्याकडे बघत राहिले, मग माळ्याकडे, मग परत माझ्याकडे.

"मघाशी चहात साखर कमी होती," म्हणाले.

*

आता हे तुम्हाला म्हणून सांगते. माहेरून आणलेल्या ट्रंकेत, शालूच्या खाली, माझा गाइडचा निळा ड्रेस आहे. शाळेत गाइड होते, कॉलेजात रेंजर, म्हणजे मोठ्या मुलींची गाइड, आणि मग मुलींचं पथक सांभाळायचा लीडरचा कोर्सही केला. सर्टिफिकेट ड्रेसच्या घडीत आहे.

लग्नाच्या बायोडाटात यातलं काही नव्हतं. छंदाच्या रकान्यात माझ्या आईने 'रांगोळी' असं लिहिलं होतं. मला रांगोळी येत नाही. दिवाळीत सासूबाई चार दिवस रंगांचे डबे काढून माझी वाट बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "लाजते ग पोर!" आणि स्वतःच ठिपके घातले.

एकदा चुकीची ओळख झाली की दुरुस्त करायला तोंड उघडावं लागतं. मी म्हटलं, बघू नंतर.

*

काठ्या सोमादादांनी दिल्या. सोमादादा म्हणजे मंजुळाचे वडील. घरामागे त्यांचं बांबूचं बेट आहे. एका सकाळी दोन भारे खांद्यावरून आणून गाळ्यात ठेवले. काठ्या तासून गुळगुळीत केलेल्या. त्यातल्या सोळा वेगळ्या बांधलेल्या, वीतभर आखूड आणि बारीक. पोरींच्या हाताला बसतील अशा.

बाबा वही घेऊन आले. "सोमा, नाव काय घालायचं?"

"कशावर? बांबूवर?"

"हां."

"बांबू हाय ते दिसतंय की."

"अरे तसं न्हाय. तुझं नाव, तुझं!"

"माझं मला म्हाईत हाय," सोमादादा म्हणाले. "नाव नको शेठ. पोरींना नेनार ना, तेवढं सांगा."

"नेनार म्हंजे काय! शब्द हाय माझा!" बाबा म्हणाले. वहीत काय लिहावं ते त्यांना कळेना. शेवटी लिहिलं, 'काठ्या, चाळीस. नाव नाही.' वहीतली तशी ती एकच ओळ.

*

कँपला आठ दिवस राहिले आणि मुलींबरोबर जाणाऱ्या गाइडच्या मॅडमना डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं. दिवस राहिले होते, प्रवास बंद. समिती तातडीने ओटीवर जमली. मी ट्रे घेऊन दाराच्या अलीकडे, त्याच जागी.

सर म्हणाले, "नियम आहे. कोर्स झालेली बाई बरोबर नसेल तर मुलींना नेता येत नाही."

"मेरी बहू को बोलूँ?" चाचांनी विचारलं. "मगर वो छिपकली से डरती है।"

"कोर्स झालेला हवा, चाचा."

बाबा म्हणाले, "मी सोमाला शब्द दिलाय."

शेवटी जनूकाका म्हणाले, "पुढल्या वर्षी नेऊ पोरींना. सगळं देतात लोक, पण बाई काय कोणी देणगीत देतो काय!"

थोडे हसले. या वेळी बाबा नाही हसले.

अंगणात सोळाही मुली उभ्या होत्या. गुडघ्यापर्यंत स्कार्फ, हातात आखूड काठ्या. त्यांना बातमी कळली होती. मी ओटीवर येताना मंजुळा माझ्याकडे बघत होती. रोजचा प्रश्न तिने पहिल्यांदाच विचारला नाही.

"सूनबाई," बाबा जमिनीकडे बघत म्हणाले, "वही घे आणि यादी वाच. पोरींचं सामान बाजूला काढून ठेवू."

मी ट्रे खाली ठेवला. वही उघडली. माझा आवाज ओटीवर एवढा वेळ कोणी ऐकला नव्हता; सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"तंबू, सहा. नाव, जनू मंडप. टोप एक, झाकण एक. नाव दोन्हींवर एकच. स्कार्फ, मुलींचे सोळा, रफीकचाचा. जवळा, एक डबा, हौसाआत्या. घड्याळ एक. नाव आहे, माणूस माहीत नाही. काठ्या आखूड, सोळा. नाव नाही."

यादी संपली. बाबांनी वहीसाठी हात पुढे केला. मी दिली नाही.

"बाई, एक," मी म्हणाले. "लीडरचा कोर्स झालेली. तंबू ठोकता येतो, गाठी येतात, रांगोळी येत न्हाय. पोरींबरोबर जाईल. नाव घालायचं न्हाय."